गट क्रमांक सतरा

लग्न ठरलं की मुलीची आई सोनाराकडे जाते, वडील बँकेत जातात आणि आमचे बापूकाका स्टेशनरीच्या दुकानात जातात. तिथून दोनशे पानी लांब वही, एका टोकाला तांबडी नि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल आणि एक फूटपट्टी घरी येते. पहिल्या पानावर 'श्री' काढून त्याखाली 'छायाचित्रण कार्यक्रम' असं लिहितात आणि काका रकाने आखायला बसतात. कार्यालय अजून ठरलेलं नसतं, मुहूर्त निघालेला नसतो, जेवणात जिलबी की मठ्ठ्यासोबत आणखी काही याचा वादही सुरू झालेला नसतो. पण 'मुलीचे मामा, मामी, मुले दोन – ३ मि.' ही नोंद झालेली असते.

असे बापूकाका घरोघर असतात. कुठे ते आत्या असतात, कुठे थोरले मेहुणे, कुठे बंगळूरला आयटीत असलेला आणि हेच सगळं एक्सेलमध्ये करणारा आतेभाऊ. लग्नघरात राबणारा माणूस पु. लं.नी 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या नारायणात कायमचा उभा करून ठेवला आहे. बापूकाका त्या कुळातले नव्हेत. नारायण कामं करायचा, बापूकाका कामांच्या वेळा करतात. ते पाट उचलून देणार नाहीत, पण पाट किती वाजून किती मिनिटांनी उचलला जाईल ते सांगतील आणि नाही उचलला गेला तर कोणामुळे, तेही सांगतील.

काकांची सगळी नोकरी एसटीत झाली. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आगार सुटलं, भाषा सुटली नाही. वहीतले रकाने असे: क्रमांक, गट, माणसे, स्थळ, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. खोलीतून नवरी निघते ती 'सुटते', मंडपात येते ती 'लागते'. मेकअपला उशीर झाला तर 'गाडी आगारातच आहे'. ग्रुप फोटोला बोलावणं करायला त्यांना माईक लागत नाही, पण मिळाला तर ते सोडत नाहीत. मग नाकातून, एकेका शब्दावर सारखाच जोर देत, कार्यालयभर आवाज घुमतो: "मुलाकडच्या आत्या आणि त्यांचे कुटुंबीय यांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला यावे." दोन-चार म्हातारे सवयीने पिशव्या उचलतात.

खरी वही आहे ती शेऱ्याच्या रकान्यात. बाकीचं सगळं निळ्या टोकाने, शेरा मात्र तांबड्या. 'मधुमेह. एकच्या आत जेवण.' 'डावीकडून घेणे.' 'चष्मा काढायला सांगू नये, रागावतात.' 'पहिल्या ओळीत खुर्ची. मागच्या लग्नात दिली नव्हती.' आणि गट क्रमांक सतरापुढे: 'बोलत नाहीत. २०११ पासून.' आमच्या घराण्याचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याला दुसरं साधन नको.

हा नाद काकांना लागला तो त्यांच्याच लग्नात. तेव्हाच्या फोटोग्राफरकडे यशिकाचा, वरून खाली मान घालून बघायचा चौकोनी कॅमेरा होता. त्यात एकशेवीसचा रोल बसायचा आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. ठराव दोन रोलचा होता. हळद, देवक, अंतरपाट, होम, पंगत, वरात, दोन्हीकडचे वडीलधारे, सगळं चोवीस चौकोनांत बसवायचं. चोवीस संपले आणि काकांची कराडची आत्या इरकली नेसून, नथ सारखी करत स्टेजवर चढली. फोटोग्राफर भला माणूस होता. नाही कसं म्हणणार? त्याने आत्याला हनुवटी वर करायला लावली, पदर नीट करायला लावला आणि रिकाम्या कॅमेऱ्याने फ्लॅश उडवला. त्या काळी हे सर्रास चाले. घरातल्या पोरांची तर निम्मी हौस अशा कोऱ्या फ्लॅशवर भागवली जाई.

पोरं विसरली, आत्या विसरली नाही. पुढे दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती विचारायची, "माझा फोटो आला का रे?" काका कधी धुवायला टाकलाय म्हणायचे, कधी फोटोग्राफर गावाला गेलाय म्हणायचे. आत्या गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले तेव्हा मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून घ्यावा लागला. तो बघून आत्या ओळखू येत नाही, निवडणूक आयोग ओळखू येतो. तेव्हापासून काकांचं एकच म्हणणं आहे, आणि ते आगारातून आलेलं आहे: "गाडी उशिरा सुटली तर माणसं कुरकुरतात आणि विसरतात. कोणाला न घेता सुटली तर तो माणूस मरेपर्यंत सांगतो."

आता रोल संपत नाहीत, म्हणून फोटोही संपत नाहीत. मधल्या व्हिडिओ कॅसेटच्या काळातली ती तळपती हॅलोजनची बत्तीही गेली, जिच्या उजेडात नवरीची पावडर वितळायची आणि जेवणाऱ्याचा घास तोंडाशीच थांबायचा. एक पारंपरिक फोटोग्राफर, एक कँडिड, दोन व्हिडिओवाले आणि कार्यालयाच्या गच्चीवरून घोंघावणारा एक ड्रोन, एवढी फौज असते. फोटो हजारांनी निघतात. रुखवतातल्या साखरेच्या तुळशीवृंदावनाचे तीस. नवरीच्या पैंजणाचे वीस. कँडिडवाला मुलगा झुंबरातून दिसणारी नवरी, तांब्यात दिसणारी नवरी, नवऱ्याच्या गॉगलमध्ये दिसणारी नवरी असे फोटो काढतो. कराडच्या आत्या मात्र अजूनही राहतात. आधी कॅमेऱ्यात जागा नव्हती म्हणून राहायच्या, आता कॅमेरा दुसरीकडे बघत असतो म्हणून राहतात.

काकांची आणि गुरुजींची जुनी तेढ आहे, कारण दोघांचा धंदा एकच, वेळेचा. पूर्वी लग्नात मुहूर्त धरायला घटिकापात्र असे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. वाटी बुडायची ती नेमाने. काका म्हणतात, त्या वाटीला स्वरचित मंगलाष्टकं म्हणणारी मावशी नव्हती. हल्ली प्रत्येक लग्नात एक मावशी शार्दूलविक्रीडितात दोन्ही घराण्यांतली झाडून सगळी नावं बसवून आणते, आणि वृत्त साधण्यासाठी 'सुरेश'चा 'सूरेऽश' होतो. काकांनी घड्याळ लावून पाहिलंय, संथ लयीत एक कडवं पाऊण मिनिट खातं. मुहूर्त बारा सदतीसचा असेल तर मावशींच्या हातातला कागद किती घड्यांचा आहे हे ते बारा वीसलाच पाहून ठेवतात.

अंतरपाट दूर होण्याचा क्षण हा तर रणांगणाचा. वऱ्हाडाने ज्यासाठी प्रवास केला, अक्षता मुठीत धरून घाम आणला, तो क्षण आला की वऱ्हाडाला दिसतात पाच फोटोग्राफरांच्या पाठी. म्हणून काका स्टेजवर रांगोळीची एक रेघ ओढतात: या रेघेपुढे कॅमेरा येणार नाही. रेघ पहिल्या मंगलाष्टकापर्यंत टिकते. एकदा तर कँडिडवाल्याने नवरीला, "मॅम, हार परत एकदा, स्लो," असं सांगितलं. गुरुजी पंचांग मिटत म्हणाले, "मुहूर्ताचा हार पडला. आता दुसऱ्यांदा घालाल त्याला मी जबाबदार नाही." त्या दिवशी मात्र काका आणि गुरुजी एका पंगतीला बसले.

आणि सप्तपदी. हे काकांचं खास संशोधन. अक्षता पडल्या की वऱ्हाड उठून पंगतीकडे धावतं आणि पाठोपाठ फोटोग्राफरही, कारण त्याला पाचला दुसरीकडे रिसेप्शन असतं. इकडे होमाच्या धुरात नवरा-नवरी, गुरुजी आणि डोळे चोळणारी करवली एवढेच उरतात. आता हिंदू विवाह कायदा १९५५ चा, कलम सात बघा: ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली एका प्रकरणात बजावलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. ते कात्रण काकांनी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं आहे. "म्हणजे कायद्याने ज्या क्षणी लग्न लागतं," ते सांगतात, "त्या क्षणी फोटोग्राफर मठ्ठा पीत असतो." म्हणून वहीत नोंद असते: 'सप्तपदी. एक कॅमेरा मुक्कामी. डबा जागेवर पोचवणे.'

पण काकांची खरी विद्या ग्रुप फोटोची. फोटोग्राफरला वाटतं ग्रुप म्हणजे उंच माणसं मागे, बुटकी पुढे. काकांना ठाऊक असतं की पूर्वी जो मान पोशाखात, पाटाच्या जागेत आणि विहिणीच्या पंगतीत मोजला जायचा, तो आता फोटोत मोजला जातो. बुफे आल्यापासून पंगतीचं भांडण संपलं. माणसांनी ते तसंच उचलून स्टेजवर आणलं.

त्यांचे काही नियम आहेत. जावयांची ज्येष्ठता वयावर नाही, लग्नाच्या तारखेवर. मानाचा माणूस कडेला उभा करायचा नाही, कारण अल्बम छापताना कड कापली जाते. आणि अगदी मध्येही नाही, कारण छत्तीस इंची करिझ्मा अल्बमला बरोबर मध्ये घडी पडते, आणि आजवर दोन व्याही त्या घडीत गेले आहेत. त्यांचं नाक या पानावर आणि मान्यता त्या पानावर. अबोला असलेली माणसं एकाच फोटोत घ्यायची, शेजारी नाही. मध्ये आजी. आजी नसेल तर देवाब्राह्मणांपैकी कोणी. तेही जेवायला बसलेले असतील तर लहान मुलं. मुलं हलतात, त्यामुळे सगळे त्यांना ओरडतात आणि निदान एका बाबतीत एकमत होतं.

वेळेचं गणितही पक्कं आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी, कोणाचेही डोळे मिटलेले नसतील असा ग्रुप फोटो मिळायला किती वेळा बटण दाबावं लागेल याचा हिशेब मांडला. त्याला २००६ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड बेताचा असेल तर दोनने. भाच्याने हे सांगितल्यावर काकांनी वहीत उतरवून घेतलं. कार्यालयाच्या ट्यूबलाइटात बारा माणसं म्हणजे सहा फोटो. मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण आमच्याकडे डोळे मिटतात ही अडचण नाही. तोंडं मिटत नाहीत."

गेल्या मार्गशीर्षात साताऱ्याला माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं आणि तिथे काकांना प्रथमच बरोबरीचा प्रतिस्पर्धी भेटला. इव्हेंटवाली मुलगी. कानात यंत्र, हातात टॅब, पायात धावायचे बूट. तिच्याकडे आधीच एक वेळापत्रक होतं, रंगीत. दोघांची पहिली भेट रुखवताच्या टेबलापाशी झाली.

"काका, दीड ते पावणेदोन फॅमिली फोटोज. पंधरा मिनिटं."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोणाची फॅमिली?"

"म्हणजे... दोन्हीकडची."

काकांनी वही उघडली. एकतीस गट होते. "बाळ, मुलीचे चुलत आजोबा जिना चढून येतात, तोच नऊ मिनिटांचा प्रवास आहे. शिवाय मधे एक थांबा."

तिच्या वेळापत्रकात नवरीला साडी बदलायला वीस मिनिटं होती. काकांकडे नोंद होती: 'सांगतात २०, लागतात ५०. पिना.' तिच्याकडे साडेपाचला 'गोल्डन आवर कपल शूट' होतं. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, त्याआधीचं तिरपं सोनेरी ऊन धरायचं आणि मागे डोंगर. काकांच्या वहीत साडेपाचच्या पुढे एवढंच होतं: 'प्रकाश गेला तरी चालेल. माणसे गेली नसावीत.'

दुपारी दोनपर्यंत दोन्ही वेळापत्रकं सारखीच मागे पडली होती. पिना पन्नास मिनिटांवर गेल्या. कानपिळीला नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान धरला तो सोडेना, कारण व्हिडिओवाला म्हणाला, "अजून एकदा." मग गट क्रमांक नऊला मुलाकडच्या धाकट्या जावयांचं नाव आधी पुकारलं गेलं आणि थोरले जावई एसीच्या खोलीत जाऊन आडवे झाले. मुलीने कानातल्या यंत्रात सांगितलं, "जावई मिसिंग." काका वही घेऊन एकटेच खोलीत गेले. पाचव्या मिनिटाला जावई बाहेर आले ते फेटा सावरतच. वहीत गट नऊखाली तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'नऊ-अ. थोरले जावई. वधूवरांसह स्वतंत्र. पूर्णाकृती.' अक्षरं अगदी ताजी होती, पण मानाला वाळायला वेळ लागत नाही.

सगळं अडलं ते सतराला. नवरीचे वडील आणि तिचे धाकटे काका. वाटणीत एक विहीर आली होती आणि ती कोणाच्या वाट्याला हे जमीन मोजणाऱ्यालाही नीट सांगता आलं नव्हतं. दोघांच्या मध्ये आजी उभी राहायची असं ठरलं होतं, पण आजी पुरणपोळी खाऊन मागच्या खोलीत कलंडली होती. काकांनी हुकूम सोडला: आजी उठेपर्यंत सतरा सुटणार नाही. साडेचार झाले. कार्यालयाचा मॅनेजर किल्ल्या वाजवत फिरू लागला, कारण चारलाच हॉल रिकामा करायचा होता.

इव्हेंटवाली मुलगी रडकुंडीला आली. "काका, आत्ता दोघांचा घेऊ. आजींना नंतर एडिटिंगमध्ये मध्ये टाकता येईल. कोणाला कळणार पण नाही."

"आजीला टाकाल," काका म्हणाले. "पण ते दोघं एका पायरीवर उभे राहिले, हे कशात टाकाल?"

ती काही बोलली नाही. कानातलं यंत्र काढून ती स्वतः आजीच्या खोलीत गेली.

आजी उठली. तिचा गुडघा दुखत होता म्हणून दोन मुलांनी दोन बाजूंनी तिला धरून स्टेजवर आणायचं ठरलं, म्हणजे काकांनी ठरवलं. तीन पायऱ्या. आजीने त्यांना जेवढा वेळ लावला तेवढा तिने कधी पंढरीच्या वाटेवरही लावला नसेल. दुसऱ्या पायरीवर धाकटा म्हणाला, "आई, सावकाश." थोरला समोर बघत म्हणाला, "त्याला सांग, पदर पायात येतोय." धाकट्याने पदर उचलला. हे बोलणं धरायचं की नाही, यावर घरात अजून दोन मतं आहेत. विहिरीचं काहीच झालेलं नाही. पण फोटो आहे. आजीचा एक डोळा मिटलेला आहे आणि काकांच्या मते तो मिटलेला नसून तिने मिचकावलेला आहे.

सोनेरी ऊन अर्थातच गेलं. नवरा-नवरीचं शूट कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, जनरेटरशेजारी, फ्लॅश लावून झालं. मागे डोंगराऐवजी आचाऱ्याचा टेम्पो आला. माझी बहीण काकांशी गृहप्रवेशापर्यंत बोलली नाही आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लग्न तिचं होतं, आणि सूर्यास्त ठरवून ठेवला होता तोही तिनेच. काकांनी तिच्या पानावर नोंद केली: 'रागावली. बारशाला प्रकाश बघून घेणे.'

परवा त्या इव्हेंटवाल्या मुलीचा काकांना फोन आला. दुसऱ्या कुठल्याशा लग्नाचं वेळापत्रक तिने पाठवलं होतं. "काका, जरा नजर टाका ना." काकांना टॅबवर वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ते झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. 'फॅमिली फोटोज'च्या जागी एकवीस गट पाडलेले होते. शेवटी एक नवा रकाना होता, 'शेरा'. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या रंगात: 'रुसवे-फुगवे: २० मिनिटे.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिल तांबड्या टोकाला फिरवली, वीस खोडून पस्तीस केले आणि शेऱ्यात लिहिलं: 'मुलाकडचे जावई तीन दिसतात. जादा गाडी ठेवावी.'